मिस ओर्लीनचं जड रिव्हॉल्व्हर

माझ्या काउंटरवर पुरुष गिऱ्हाईक आलं की ते मला शिकवतं, आणि बाई आली की तिला शिकवायला आजूबाजूचे सगळे पुरुष गोळा होतात. टकेट यांच्या दुकानात मी बावीस वर्षं बंदुका विकतोय. पुढच्या भागात खिळे, रंग आणि कोंबड्यांचं खाद्य. मागच्या भागात मी, माझं काचेचं कपाट आणि स्टोव्हजवळच्या खुर्चीत डेल्मर साइझमोर. डेल्मर खाणीतून निवृत्त झाला त्या दिवशी त्या खुर्चीत येऊन बसला, तो अजून काही उठलेला नाही. आजवर त्याने माझ्याकडून एक काडतूससुद्धा विकत घेतलेलं नाही. सल्ला मात्र न मागता देतो.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मिस ओर्लीन स्टॅम्पर आत आल्या आणि मी तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकलं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण इलाज नाही. चौदा नंबरच्या शाळेच्या बसमध्ये च्युइंगगम चालत नसे, आणि ती बस एकतीस वर्षं मिस ओर्लीन चालवत होत्या. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. सीटवर उशी घेऊन बसायच्या. डोक्यावरच्या आरशातून त्यांनी नुसतं पाहिलं तरी शेवटच्या बाकावरची मारामारी थांबायची.

खोटं बोललेलं पोर त्यांनी कधी सोडलं नाही, एकदाही. त्यांचा स्वतःचा मुलगा रॉयस त्याच बसमध्ये होता. बसमध्ये त्यानेही ‘आई’ म्हणायचं नाही, ‘मिस ओर्लीन’ म्हणायचं. (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने ‘मिस’च म्हणतात.) एकदा तो कोणाच्या तरी टोपीवरून खोटं बोलला, तर त्याच्याविरुद्धची तक्रार त्यांनीच मुख्याध्यापकांना लिहून दिली, आणि शाळेने ती घरी पाठवल्यावर त्याच कागदावर खाली ‘पालक’ म्हणून सहीही केली.

“वेंडल,” त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली, “मला एक पिस्तूल हवंय. घरात ठेवायला आणि नेमबाजीला, दोन्हीला एकच. दोन घ्यायची माझी ऐपत नाही. साडेतीनशे डॉलरच्या वर एक पैसा देणार नाही.”

“नेमबाजी?” डेल्मर खुर्चीतूनच म्हणाला. “ओर्लीन, वय काय तुझं?”

“तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी. आणि मी अजून उभी आहे, तू बसलायस.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये त्या बुधवारच्या प्रार्थनेला गेल्या असताना कोणीतरी मागचं दार उचकटून मायक्रोवेव्ह आणि त्यांच्या नवऱ्याची लाकूड कापायची करवत पळवली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मायक्रोवेव्हचं त्यांना काही वाटलं नाही, करवतीचं वाटलं. रॉयस डेटनला असतो, चार तासांवर. त्याने तिथे आपल्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवला. लिफ्ट आहे, खाली नर्स आहे, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. फोनवर दोघांची चांगली जुंपली, आणि शेवटी पैज लागली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमच्या अग्निशमन दलाचं टर्की शूट असतं. नेम लागेल त्याला टर्की मिळते; पक्षी बिचारा आधीपासूनच फ्रीजरमध्ये असतो. तिथे मिस ओर्लीननी दहा पावलांवरून कागदी प्लेटमध्ये पाचपैकी पाच गोळ्या मारल्या, तर रॉयस पुन्हा डेटनचं नाव काढणार नाही. एक जरी चुकली, तर सोमवारी सामान बांधायचं.

“पाचपैकी पाच? चार का नाही ठरवलंत?” मी विचारलं.

“मीच पाच म्हणाले,” त्या म्हणाल्या. “रागात होते.”

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझीच होती. कपाटाच्या डाव्या कोपऱ्यात मी छोटी, हलकी रिव्हॉल्व्हरं ठेवतो. बाई आली की माझा हात आपोआप तिकडे जायचा. लहान हात, लहान बंदूक, एवढंच गणित. आमच्याकडचा प्रत्येक पुरुष बायकोला, बहिणीला, सासूला हेच घेऊन देतो, आणि ते प्रत्येक घरात मोज्यांच्या खणात पडून राहतं. मी तसलंच एक काढलं. जांभळी मूठ, वजन एखाद्या सफरचंदाएवढं.

“पर्समध्ये आरामात मावतं, मिस ओर्लीन.”

“मी पर्समध्ये राहत नाही, घरात राहते.” तरीही माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ते घेतलं. सरकारी फॉर्म भरताना एका प्रश्नाशी त्या अडल्या. “‘तुम्ही फरारी आहात का?’ असल्यावर कोणी ‘हो’ लिहितं का रे?”

“तू लिहिलं असतंस, ओर्लीन,” डेल्मर म्हणाला.

त्यांनी थोडा विचार केला. “हो. मी लिहिलं असतं.”

शुक्रवारी त्या परत आल्या. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टी बांधलेली. जांभळ्या मुठीचं ते खेळणं त्यांनी काचेवर ठेवलं.

“हे तुझ्या बायकोला दे. मात्र आधी तिची माफी माग.”

पाच गोळ्या झाडल्या होत्या. चार टेकडीत गेल्या आणि पाचवी कुठे गेली ते देवालाच ठाऊक.

“वेंडल, मला एक सांग. पोरांनी भरलेली बस खड्ड्यात जास्त उडते की रिकामी?”

“रिकामी.”

“मग एवढ्या हलक्या वस्तूत एवढी ताकद भरल्यावर ती उडणार नाही तर काय करणार? बारा टनांची बस मी तळहाताने वळवली, आणि तू मला तिचाकी सायकल विकलीस.”

मला तोंड वर करवेना. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. कोणी पुरुष आला असता तर त्याला मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की हलकी बंदूक खिशात बरी, हातात वाईट. बाईला मात्र रंग दाखवत बसलो. एकदा विकलेली बंदूक आम्ही परत घेत नाही, तशी पाटीच आहे भिंतीवर. मी पाटीकडे पाठ केली आणि परत घेतली.

मग नीट बघायला बसलो. आधी त्यांनी मॅगझिनचं पिस्तूल हातात घेऊन पाहिलं. त्याची वरची पट्टी मागे ओढावी लागते, आणि त्यांच्या बोटांच्या सांध्यांना ते जमेना. डेल्मर हसला. त्यांनी ते त्याच्या हातात दिलं. त्यालाही जमलं नाही, आणि मग अर्धा तास दुकानात छान शांतता होती. शेवटी मी तळाच्या फळीवरून पोलिसांनी विकून टाकलेलं एक जुनं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. सगळं पोलादी, नळी चार इंचांची, मूठ लाकडाची. चामड्याच्या पिशवीत घासून घासून वरचा काळा रंग उडालेला, पण आतलं यंत्र घड्याळासारखं. किंमत तीनशे दहा. त्याला नेमबाजीची कमी जोराची काडतुसं चालतात. स्वस्त असतात आणि हाताला सोसतात.

त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या बदकावर रोखलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. “ही बस आहे,” त्या म्हणाल्या. उरलेल्या चाळीस डॉलरमध्ये मी त्यांना कुलपाची पोलादी पेटी दिली, कारण सुट्टीत रॉयसची पोरं यायची.

पुढचे दोन महिने मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जुन्या खडीच्या खाणीवर सराव केला. डेल्मर आपली खुर्ची घेऊन आला. मिस ओर्लीन आम्हाला दोघांना त्यांच्या मागे बसवायच्या आणि प्रत्येक फैरीआधी वळून आम्हाला मोजायच्या. दोन आहेत ना, दोनच. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाचात तीन लागू लागल्या. त्याच्या पुढे काही सरकेना.

मी एक जुनी युक्ती केली. त्यांच्या नकळत चक्रात दोन रिकामी काडतुसं घातली. चाप ओढला, आवाज झालाच नाही, आणि तरी नळीने खाली बुडी मारली.

त्या थांबल्या. “म्हणजे आवाज व्हायच्या आधीच मी घाबरते.”

“हो, मिस ओर्लीन.”

त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडून बाकावर ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. “मला चोराची भीती नाही वाटत, वेंडल. मला त्या फ्लॅटची भीती वाटते. तिथे लिफ्टमध्ये मी म्हणजे एक म्हातारी. इथे निदान चोरसुद्धा ओळखीचा असेल.”

डेल्मरने खिशातून रुमाल काढला आणि थंडीला शिव्या दिल्या. त्या उठल्या. त्या दिवशी पाचात चार लागल्या.

नोव्हेंबरात, टर्की शूटच्या नऊ दिवस आधी, चर्चमधल्या गोधडीच्या वर्गाला निम्म्या बायका तापामुळे आल्या नाहीत म्हणून मिस ओर्लीन दुपारी दोनलाच घरी परतल्या. मागचं दार उघडं. स्वयंपाकघरात एक दांडगा माणूस, पाठमोरा, दोन्ही हातांत टीव्ही. रिव्हॉल्व्हर पेटीत, पेटी झोपायच्या खोलीत, आणि झोपायच्या खोलीच्या वाटेत तोच. मिस ओर्लीनच्या हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं.

पण एकतीस वर्षं आरशात त्यांनी डोकीच तर पाहिली होती. उजव्या कानामागचा तो भोवरा त्यांनी लगेच ओळखला.

“लॉनी रे! चालत्या गाडीत उभा का तू? बस खाली!”

आणि छत्तीस वर्षांचा लॉनी रे बसला. टीव्ही मांडीवर घेऊन, गुडघे जुळवून. “हात समोर,” त्या म्हणाल्या, तर त्याने दोन्ही हात समोरच्या बाकाच्या दांडीवर ठेवायला पुढे केले. दांडी नव्हती, तर हवेतच धरून बसला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. “वेंडल, शपथ घेतो, पाय आपोआप वाकले रे.”

त्यांनी शेरीफच्या कचेरीत फोन केला. गाडी येईपर्यंत त्याला विचारलं की सकाळपासून काही खाल्लंस का. नव्हतं खाल्लं. तिसरीत असतानाही तो डबा आणत नसे. त्यांनी त्याला सॅलड वाढलं. करवत त्याच्याच ट्रकमध्ये होती. विकायला घेऊन गेला होता, पण चांगला भाव कोणी दिला नव्हता. दारात पोलीस आला, त्याने पायपुसण्यावर बूट पुसले आणि टोपी काढली. बारा नंबरच्या बाकावरचा होता तोही.

“ऊठ, लॉनी रे,” मिस ओर्लीन म्हणाल्या. “तुझा स्टॉप आला.”

सगळं गाव पोट धरून हसलं. रॉयस हसला नाही. टर्की शूटच्या शनिवारी तो भाड्याचा ट्रक घेऊन आला, मागे रिकामी खोकी. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशाला निळं बॉलपेन, डोळे चार दिवस न झोपल्यासारखे.

“आई, बंदूक पेटीत आणि चोर स्वयंपाकघरात! काय उपयोग झाला तिचा?”

“उपयोग झाला. ती इथे आहे म्हणून माझा आवाज कापला नाही.”

“आणि तो लॉनी रे नसता तर? दुसरा कोणी असता तर?”

मिस ओर्लीननी कोटाची बटणं लावली. “पैज आहे ना,” एवढंच म्हणाल्या.

अग्निशमन दलाच्या मागच्या मैदानात पन्नास-साठ माणसं होती. बीन्सचं पातेलं उकळत होतं, पण वाढून घ्यायला कोणी हललं नाही. मिस ओर्लीन रेषेवर उभ्या राहिल्या. आधी वळून आम्हा सगळ्यांना मोजलं. मग पाच गोळ्या झाडल्या, सावकाश, एकेका स्टॉपवर थांबत गेल्यासारख्या. नळी एकदाही खाली गेली नाही. रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं आणि बाकावर ठेवलं.

मी दुर्बीण लावली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली. पाचवी प्लेटच्या कडेबाहेर लाकडात गेली होती, बोटाच्या पेराएवढ्या अंतराने. माझं तोंड बघूनच लोकांना कळलं.

“चार,” मिस ओर्लीन स्वतःच मोठ्याने म्हणाल्या. दहा पावलांवरून त्यांनाही दिसत होतं. “सोमवारी निघू, रॉयस. शब्द दिलाय.” आणि पर्स उचलायला वाकल्या त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

शिट्टी झाली, गोळीबार थांबला. प्लेट आणायला माझ्याआधी रॉयसच निघाला. तिथे पोचल्यावर आमच्याकडे पाठ करून जरा जास्तच वेळ उभा राहिला. परत आला आणि प्लेट आईपुढे धरली.

“पाच आहेत, मिस ओर्लीन,” तो म्हणाला.

त्यांनी प्लेट हातात घेतली. पाहिली. मग मान वर करून मुलाकडे पाहिलं, त्याच त्या आरशातल्या नजरेने. तो पन्नास वर्षांचा माणूस हात मागे घेऊन उभा होता, कान लालबुंद. एकतीस वर्षांत त्यांनी एकही पोर सोडलेलं नव्हतं.

“नीट मोजलंस?”

“हो, मिस ओर्लीन.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र या वेळी कापला. “जा, बीन्स घे वाढून. आणि ती खोकी वेंडलला देऊन टाक.”

ती प्लेट त्यांनी मला दिली. माझ्या कपाटावर लावली आहे, डाव्या कोपऱ्यावर, जिथून आता मी बायकांसाठी काही काढत नाही. गिऱ्हाईकं पाचव्या भोकाकडे बोट दाखवून विचारतात की अडतीसची गोळी जाते तिथे कागद कधी असा पेनाच्या शाईसारखा निळा होतो का. डेल्मर खुर्चीतून सांगतो, होतो कधी कधी.