टरफलांना लावलेली हळद

बेलापूरच्या कॉलेजात मी संशोधन करत होते, तेव्हा बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. मोऱ्याहून निघताना मांडीवर कोलंबीच्या टरफलांची पिशवी असायची. उरणला गाडी भरली की ऑफिसला जाणारी मंडळी आधी नाकाला रुमाल लावायची, मग माझ्याकडे बघायची, मग मुकाट पुढे सरकायची. सुरुवातीला लाज वाटली. नंतर, खरं सांगते, मजा वाटायला लागली. सगळी बस कोंबलेली आणि मी खिडकीपाशी ऐसपैस. कंडक्टर तेवढा चिडवायचा, की ताई, नुसता वासच आणताय रोज, कोलंबी कधी आणणार.

ते बेलापूर आता शोधून सापडायचं नाही. सरकारी इमारती उभ्या राहिलेल्या, मध्ये गुडघाभर गवत, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. खारघर म्हणजे नुसता डोंगर. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर, कारण वरच्यांनी वासाची तक्रार केली होती. आमचे सर देशावरचे, पक्के शाकाहारी. कोलंबीचं टरफल त्यांना आतून-बाहेरून पाठ होतं, पण कोलंबी जन्मात तोंडात घातली नव्हती. एकदा खाऊन तरी बघा, असं मी म्हणायची. मग कामावरून लक्ष उडेल, असं ते म्हणायचे.

काम तसं सांगायला सोपं. टरफलं आम्लात टाकायची, चुना निघून जातो. मग कॉस्टिक सोड्यात उकळायची. शेवटी उरतो तो पांढरा चुरा, कायटोसान. तो पातळ करून काचेवर ओतला आणि वाळला की पोह्याच्या पापडासारखा पापुद्रा सुटतो. जखमेवर ठेवला तर रक्त थांबतं आणि जखम आतून भरत येते. सशांवर ते झालं होतं. आता एका रुग्णालयानं माणसांवर वापरून बघायची परवानगी दिली होती, शुगरवाल्यांच्या न भरणाऱ्या जखमांवर. कागदोपत्री आमच्या मोऱ्याच्याच कोलंबीची नोंद होती. दुसरीकडचा माल घेतला, तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून.

माझ्या आईला शुगर होती. त्याच उन्हाळ्यात सोडे करायला कोलंबी सोलताना तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात काटा गेला. कोळणीच्या बोटात काटा जातो यात नवल ते काय? पण हा काही भरेना. बोट सुजलं, काळं पडत चाललं, आणि असंच राहिलं तर कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कोलंबी सोलण्यावर आईनं मला शिकवलं होतं. ते बोट गेलं तर ती काय करणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

मी सरांकडे गेले. पहिल्या रुग्णांत तुझ्या आईचं नाव घालू, असं ते आपणहून म्हणाले. मात्र परवानगीचा माल तयार होईपर्यंत इथला एक तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही, तपासल्याशिवाय कुणाच्याच आईवर प्रयोग नको, असं बजावलं. माझं डोकं सणकलं होतं. पण त्यांचं खरं होतं, हे मलाही कळत होतं.

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्याला लागायच्या आधी मोसमाची शेवटची टरफलं हवी होती. मी आईला एवढंच सांगितलं, की ही दवाखान्यात जाणार आहेत, औषधाला. तिनं सोलणाऱ्या सगळ्या बायकांकडून टरफलं गोळा केली, धुतली, वाळवली आणि पोत्यांत भरून दिली. एवढा माल कधीच मिळाला नव्हता. सर खूश, मी तर हवेत.

आम्लात टाकली, ठीक. कॉस्टिक सोडा घातला, आणि मोठ्या भांड्यातलं पाणी लालभडक झालं, रक्तासारखं. धू धू धुतलं तरी चुऱ्यातला रंग जाईना. सरांनी चिमूट बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "हळद. सोड्यात ती लाल होते." त्यांनी सगळा माल बाजूला काढला. औषधात आपण न घातलेलं काही असता कामा नये. आता नवी टरफलं, आणि नवी टरफलं म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर. तोवर दर्यात कोण जाणार?

घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. आई दारात बसली होती, दुखरा हात पदरात. मी चपला काढायच्या आत तिनंच विचारलं, टरफलं बरी होती ना. सगळ्या टरफलांना मी मीठ-हळद चोळून दिली, दवाखान्यात जायची ती तशीच कशी धाडायची. आमच्याकडे मीठ-हळद लावल्याशिवाय कोलंबी पुढे सरकतच नाही, आणि टरफलं वाळल्यावर अशीही केशरीच दिसतात, मला कसं कळावं? तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. मस्त होती म्हटलं. आई खूश झाली.

तो पावसाळा संपता संपेना. मी रिकाम्या हातांनी बसमध्ये बसायची, शेजारी माणसं बसायची, आणि मला ती नको व्हायची. श्रावण लागला आणि आईचं बोट कापावं लागलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पट्टी बघितली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, टरफलं आली. पापुद्रा या वेळी दुधासारखा निघाला. कापलेल्या जागेची जखमही भरत नव्हती, म्हणून आईचं नाव यादीत राहिलंच होतं. कोलंबी खाऊन कधी अंगावर उठतं का, असं डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं, तर आई इतकी हसली की नर्सही हसायला लागली. जखम हळूहळू भरली. दिवाळीच्या सुमाराला ती उरलेल्या बोटांनी पुन्हा सोलायला बसली, आणि गावभर सांगत सुटली, की माझ्या पोरीच्या औषधानं माझा हात वाचला.

एका संध्याकाळी सोलता सोलता तिनं सहज विचारलं, "बाय, ह्या औषध पावसाच्या आधी झाला असता, तं बोट राहिला असता का गं?"

राहिलं असतं की नसतं, हे सरांनाही सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "नाय आये. बोट जायाचाच व्हता."

तिनं हातातली कोलंबी खाली ठेवली. माझ्याच हातून कामाला उशीर झाला आणि तेच मी लपवतेय, असं तिला वाटलं असणार. तिनं ओला हात लुगड्याला पुसला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुज्यावं माजा राग नाय."

मी मान डोलावली, आणि तिच्यासमोरची कोलंबी ओढून सोलायला लागले.