समुद्रावरचं हळदीकुंकू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना वाकडंतिकडं होईल ते होऊ दे, पण ही हकीकत मीच लिहिणार. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला, मी टाइप करतो." म्हटलं, काही नको. तू तुझ्या बाजूने सांगशील.

माझा सगळा जन्म फरीदाबादला लेथ मशीनवर गेला. मराठी म्हटलं की इथले लोक विचारतात, "अच्छा, फिर तो समंदर के पास घर होगा!" आता ह्यांना काय सांगायचं? आमच्या माणदेशात विहिरीला पाणी लागलं तरी लोक बघायला जमतात. समुद्र मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. म्हणून मुलाने जानेवारीत घरासारखी गाडी भाड्याने घेऊन कच्छच्या किनाऱ्यावर जायचं काढलं, तेव्हा तो काही विचारायच्या आत मी हो म्हणून बसलो.

अडलं ते बायकोपाशी. मधे संक्रांत येत होती. सुनेने सांगून पाहिलं, "आई, रथसप्तमीपर्यंत चालतं की. परत येऊन करू." पण माझ्या आईने हिला हळदीकुंकू संक्रांतीच्याच दिवशी घालून दिलेलं. धुकं असो, थंडी असो, फरीदाबादच्या बायका शाली गुंडाळून आमच्याकडे येणारच. एक वर्ष चुकलेलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी घरी राहते."

मी म्हणालो, "तुझं हळदीकुंकू समुद्रावर करू. पाच सवाष्णी मी आणीन."

"तुम्ही? समोरच्या वहिनींना इतक्या वर्षांत नमस्कार केला नाहीत, आणि परक्या मुलखात बायका आणणार?"

"आणीन म्हटलं ना!"

"आणि नाही आल्या तर?"

"तर पुन्हा तुझ्या सणावारात तोंड घालणार नाही."

सून हसली. "बाबा, विचार करा यार. फार मोठी शिक्षा आहे." मला वाईट वाटलं, पण बोललो ते बोललो.

बायकोने करोल बागेतून वाण आणलं, स्टीलच्या चहाच्या गाळण्या. सुगडी, तीळगूळ, ऊस, बोरं आणि आपली दिल्लीची लाल गाजरं तिने गाडीतल्या बेसिनमध्ये कोंबली. गाडी बाकी झकास. ओटा, फ्रीज, पलंग, सगळं आत. एकच खटकलं. ओट्याला लागून संडास! मी साफ सांगितलं, जिथे पोळी लाटायची तिथे मी जाणार नाही. सगळ्या राजस्थानात मी गाडी थांबवत गेलो. नात दर वेळी ओरडायची, "पापा, रोको! आजोबांचा स्टॉप आला!"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना पोहोचलो. गाडी वाळूच्या कडेला लागली आणि समोर ते पाणी. काय सांगू! मी कानटोपी काढून हातात घेतली. पलीकडचा काठ शोधत होतो, तर काठच नाही. नात माझा हात ओढत पळाली, मी बुटासकट आत. बायको मागून ओरडतेय, "अहो, गुडघे!" कुठले गुडघे! एक लाट आली, तिने मला खाली बसवलं, आणि मी तिथेच बसून लहान पोरासारखा हसत सुटलो.

ओल्या पायजम्याने तसाच कामाला लागलो. तिथे चारपाच तंबू होते. प्रत्येक तंबूपाशी जाऊन नमस्कार केला. "बहनजी, कल शाम हमारे घर हल्दी-कुंकू है." सगळ्या हो म्हणाल्या. चौकीदाराची बायकोही येते म्हणाली. मी परत येऊन बायकोला ऐकवलं, "ये अब बता!" ती म्हणाली, "आधी येऊ देत."

दुसऱ्या दिवशी तिने काळी साडी नेसून दुपारीच तयारी मांडली. बाहेर सतरंजी, पाटावर सुगडी, गाळण्यांची चळत. मी तंबूंकडे गेलो तर एक माणूस नाही. चौकीदार एकटा मान वर करून बसलेला. "सब गाँव में हैं काका. आज पतंग है ना!"

आता बघा, दिल्लीत पतंग उडतो पंधरा ऑगस्टला. गुजरातेत तो संक्रांतीला उडतो, हे आमच्या घरात एकाच्याही ध्यानात आलं नाही. कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या नाही, माझ्याही नाही.

तडक गाव गाठलं. गल्ल्या मोकळ्या, आणि सगळं गाव गच्च्यांवर. आरोळ्या, भोंगे, थाळ्यांचा आवाज. मी खालून ओरडलो, "बहनजी, हल्दी-कुंकू! नीचे आओ!" वरून एक जाडजूड बाई वाकली. "काका, तमे ऊपर आवो! अभी कोई नीचे नहीं उतरेगा."

"मी बोलवायला आलोय, मी कशाला चढू?" हे मराठीतच म्हणालो. ती हसली आणि पुन्हा पतंगाकडे वळली.

परत आलो. माझ्या तोंडाकडे बघून बायकोला काय ते कळलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती गुपचूप सुगडी उचलायला लागली. सून म्हणाली, "आई, ताट घेऊन आपणच गच्चीवर जाऊ ना."

"तसं नसतं गं. बाईने आपल्या घरी यावं लागतं. आपल्या उंबऱ्याच्या आत."

घरी! मी गाडीकडे बघितलं. खाली चाकं होती.

मुलाला म्हणालो, "घर काढ."

"काय?"

"घर काढ म्हणतो! गावात न्यायचं. चल, जल्दी कर!"

सतरंजी गोळा, सुगडी बेसिनमध्ये, काळ्या साडीतली बायको पलंगाला धरून, नात किंचाळतेय, आणि मी पुढे बसून "डावीकडे, डावीकडे!" गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा होती, तिथे घर उभं केलं. दार उघडलं, पायरी काढली. आणि हळूहळू गच्च्यांवरची डोकी आभाळाकडून खाली वळली.

"काका, ये क्या लाये?"

"घर!" मी बोंबललो. "अंदर चूल्हा है, फ्रीज है, पलंग है!" कोणी हललं नाही. मग मुकाट्याने माझा हट्ट गिळला आणि म्हणालो, "संडास भी है!"

"अंदर?"

"अंदर! रसोई के बाजू में!"

ती जाडजूड बाई पहिली उतरली. मागून सासवा, सुना, लेकी, तंबूवाल्या, चौकीदारीण. दारात रांग. आत जायचं, ते छोटं दार उघडून बघायचं, तोंडाला पदर लावून हसायचं, आणि वळलं की समोर बायको करंडा घेऊन उभी. हळद, कुंकू, तीळगूळ, गाळणी. "तीळगूळ घ्या, गोड गोड बोला," ती म्हणायची आणि त्या जमेल तसं परत म्हणायच्या. गाळण्या संपल्या, तेव्हा हिने आपल्या ओट्यावरची गाळणी धुऊन दिली. गाजरंसुद्धा उरली नाहीत.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणालो, "आणल्या की नाही?"

"तुम्ही आणल्यात? त्या संडास बघायला आल्या."

"पण आल्या ना!"

तिने माझ्या हातावर तीळगूळ ठेवला आणि तशीच, मूठ मिटेपर्यंत, हात धरून राहिली.

वरून हाक आली, "काका, अब तो ऊपर आवो!" आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू? गुडघे धरत चढलो. वरून समुद्र दिसत होता, सगळाच्या सगळा. कोणीतरी माझ्या हातात मांजा दिला, चक्री बायकोने घेतली.

"ढील द्या," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"ढील द्या म्हणते ना!"

दिली.