धोक्याचा रकाना

आमच्या वॉर्डात किस्से साठायला वेळ लागत नाही. चहाच्या वेळी एकीने एक सांगितला की दुसरी लगेच आपला काढते. लग्नाकार्यात मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. मला मात्र अजून राग येतो, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी गोंदियाला नवजात बाळांच्या कक्षात नर्स होते. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. त्यातल्या रक्तवाहिन्या बाहेर आल्यावर वाढतात, आणि कधीकधी भलत्याच वाढतात. महिनाभराचं होईतो तपासलं तर लेझरने डोळे वाचतात. उशीर झाला तर जन्मभर अंधार. कोणत्या बाळाला धोका जास्त, हे ओळखायला तीन गोष्टी लागतात: आठवडे किती, वजन किती, ऑक्सिजन किती दिला. त्यावरून शेवटचा रकाना भरायचा. धोका, आहे की नाही.

* * *

सालेकशाच्या पुढच्या खेड्यातली वंदना. दहावी शिकलेली, पहिलटकरीण. मुलगी झाली ती ओंजळीत मावेल एवढी. आमचे नवे डॉक्टर साताऱ्याकडचे. त्यांनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली?

"रोवना आटपला ना सर, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, रोवणा म्हणजे धानाची लावणी. मग कोणाच्या धानाच्या बांधीतला, पोळ्याच्या किती आधी, असं विचारत मी दोन मिनिटांत हिशेब लावला. तीस आठवडे.

"सिस्टर, रोवणा रकान्यात बसत नाही. तारीख पाहिजे."

आणि त्यांनी लिहिलं, "माहीत नाही." बाईला सगळं माहीत होतं.

* * *

वजन करायच्या आमच्या मावशी. स्वभावाने इतक्या मायाळू की थंडीच्या दिवसांत बाळ स्वेटर, टोपी आणि वर दुपट्यासकट काट्यावर ठेवायच्या.

"एवढूसं लेकरू, उघडं कायले करू?"

कागदावर वंदनाची मुलगी वजनाने धोक्याबाहेर जाऊन बसली! मी कपडे काढून पुन्हा वजन केलं. पाव किलो नुसती लोकर होती. पण रजिस्टरवर सही झाली होती आणि खाडाखोड चालत नाही. मी समासात खरं वजन लिहिलं आणि मावशींवर अशी ओरडले की त्या रडायला लागल्या.

* * *

ऑक्सिजन किती जातो ते दाखवणारी मीटरमधली गोळी अडकलेली. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं यंत्र चार पाळण्यांना मिळून एक. मोठे सर राउंडला आले की म्हणायचे, "बाळ गुलाबी दिसतंय ना? मग झालं."

मी एकदा म्हटलं, सर, जास्त झाला तर डोळे जातात.

"ऑक्सिजन कमी पडून मेलेली पोरं मी पाहिली आहेत, सिस्टर. जास्त झाला म्हणून मेलेलं एकही नाही."

मेलेलं नाही, सर. बरोबर आहे तुमचं.

ऑक्सिजनच्या रकान्यात लिहिलं होतं, "गरजेनुसार." आता या तीन रकान्यांवरून शेवटचा रकाना काय भरणार? भरला. धोका: नाही.

* * *

डोळ्यांचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एका मंगळवारी यायचे. वंदनाच्या कार्डावर ती तारीख मी लाल पेनाने लिहिली. त्या आठवड्यात गावच्या आशाताईंना फोन केला तर कळलं, सासू निघू देत नाही.

सुटीच्या दिवशी मी रेल्वेने गेले. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर जात नाही, बाई. आन् डोळे तं हे पाहा, टकटक पाहून राहिली."

पाहत होती खरी. माझ्या लाल पिशवीकडे पाहत होती. मी म्हटलं, आजी, आज पाहते म्हणूनच आज न्यायची.

त्यांनी नातीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "काई झालं तं?"

"मी जबाबदार."

मंगळवारी त्या स्वतः वंदनाला घेऊन आल्या. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या दुपट्यात लोखंडी चाकू. एवढी रीत मोडून आलेली म्हातारी, आणि खोलीच्या दाराला चिठ्ठी: "डॉक्टर मीटिंगला. पुढील महिन्यात यावे."

मी नागपूरला न्यायला गाडी मागायला धावले. कारकुनाने कागद पाहिला. "धोका नाही लिहिलंय. गाडी कशी देऊ?"

मी रजिस्टरचा समास दाखवला.

"सिस्टर, समासावर गाडी निघत नाही."

मी वंदनाला म्हटलं, बसने जा नागपूरला. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "एक डाव आणली ना बाई. आता नाही." मी स्वतः न्यायला हवं होतं. त्या दुपारी कक्षात माझ्याशिवाय दुसरी नर्स नव्हती, हे खरं आहे. पण हे कारण मी आजवर जेवढ्या वेळा स्वतःला दिलं, तेवढ्या वेळा मला पटलेलं नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले. दोन्ही डोळे तपासून म्हणाले, "फार उशीर केला यांनी."

यांनी!

* * *

पाचेक वर्षांनी मी अपंग प्रमाणपत्राच्या खिडकीजवळून चालले होते. वंदना रांगेत पहिली उभी. मुलगी तिच्या पदराला धरून, मान किंचित वाकडी करून आवाज ऐकत होती. मला वंदनाने ओळखलं.

खिडकीतल्या बाबूने फॉर्म भरून सहीसाठी पुढे सरकवला. वंदनाने तो पूर्ण वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अंधत्व कधीपासून: जन्मतः.

"हे खोडा, भाऊ. जन्मली तवा हिले दिसत होतं. घरी नेली तवाबी दिसत होतं."

"अरे बाई, सबका वहीच लिखते हैं." बाबू वैतागला. "मग कधीपासून लिहू? रकान्यात काहीतरी पाहिजे ना."

वंदनाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून म्हणाली,

"मंगळवार लिवा."