तिच्या पाटावरून दिसणारं घर

त्या साली आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता. भाव पडलेला, बोंडअळीनं अर्धं रान नासवलेलं, आणि जे हाती आलं ते मातीमोल कोण विकणार म्हणून सगळ्यांनी घरातच भरून ठेवलेलं. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग. दुपारी खिडकीतून ऊन आलं की खोली आतून उजळायची, आणि मी त्या ढिगाला पाठ लावून पडून राहायचो. कापूस आवाज खातो. बैलं, पोरं, बाभुळगावची बस, सगळं कुठंतरी लांब पाण्याखाली चालल्यासारखं वाटे. ऐकू यायचा तो फक्त आतल्या खोलीतला डब्याच्या झाकणाचा आवाज. टक. बायको पोळ्याच्या सुमारास गेली होती. वेचणी तिच्याशिवाय झाली, पहिल्या वेचणीचा दहीभात शेजारणीनं शेतात नेला. तरी झाकण वाजायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. भुताखेतावर माझा भरवसा नाही. वाजायचं, एवढंच सांगतो.

मुलगी नागपूरला कंप्युटरच्या कामात आहे. ती आली ते दोन कामं घेऊन. त्यातलं एक मी.

"बाबा, तुमच्याच्यानं एकट्यानं होत नाई. चला माह्यासंग."

"मी इथंच मरीन."

"मरायचं मंग पाहू. आज जेवले काय ते सांगा."

शेजारणीकडून ताट यायचं ते जेवायचो, नाही आलं तर शेंगदाणे खायचो. तिला ते कळलेलं होतं.

दुसरं काम तिच्या नोकरीचं. यवतमाळच्या एका संस्थेची कापूसवाल्यांसाठी वेबसाइट होती. एकदा उघडलेला माणूस दुसऱ्यांदा उघडत नसे, कारण हवं ते सापडतच नसे. ती नव्यानं मांडायची होती. कोणती गोष्ट कुठं ठेवली म्हणजे शोधणाऱ्याचा हात आपोआप तिथं जाईल, हे आधी ठरवायचं, आणि तेही हापिसात बसून नाही, शोधणाऱ्यांनाच विचारून. म्हणून तिनं चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक गोष्ट: पाऊस, बियाणं, फवारणी, भाव, विमा, सातबारा, जनावरांचा डॉक्टर. आळीतली माणसं बोलावली, कापसाच्या ढिगापुढं सतरंजी टाकली, आणि म्हणाली, "जे जे तुमी एका जागी शोधाल, त्याचा एक ढीग करा."

बाया पुढं सरकल्या. मुलगी एकेक चिठ्ठी वाचून देई, त्या टाकत जात. पाहता पाहता चिठ्ठ्या संपल्या आणि ढीग झाले दोनच.

"दोनच? काकू, हा कायचा ढीग?"

"हा पांढरा कापूस," शेजारीण म्हणाली. "अन् हे कवडी."

अळी लागलेलं, नीट न उमललेलं बोंड म्हणजे कवडी. वेचताना बाया ते वेगळं काढतात. जन्मभर त्यांच्या हातांनी तेच केलेलं, चिठ्ठ्यांनाही तेच केलं. विमा कवडीत, भाव कवडीत. पाऊससुद्धा कवडीत.

"पाऊस काहून टाकला वो?"

"मोबाइलमधला पाऊस मोबाइलमधीच पडते."

पांढऱ्यात जनावरांचा डॉक्टर होता. "तो येते बिचारा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"काकू, मी खरंखोटं नाई विचारलं. कुठं शोधाल ते विचारलं."

"खोटं हाये ते शोधू कायले व माय?"

मुलगी हसत हसत सतरंजीवर आडवी झाली. तिच्या केसांत कापूस अडकला. तशी हसताना ती हुबेहूब आईसारखी दिसते, मी दुसरीकडं पाहिलं. मग तिनं सगळं परत समजावलं. दुसऱ्या वेळी बायांनी कामाच्या हंगामाप्रमाणं ढीग लावले, पेरणीचा, डवरणीचा, वेचणीचा. ते तिला उपयोगी पडलं असावं, कारण तिनं लगेच फोटो काढला.

मग गड्यांची पाळी. पहिला मीच.

"बाबा, समजा फवारणीचं काही पाह्यचं हाये. पह्यले कुठं पाहाल?"

"तुह्या मायले विचारीन."

तोंडातून गेलं. शेजारणीनंच ते लगेच उचललं, "सारे गडी सारखेच. पाण्याचा गडवा पुढ्यात असन तरी 'कुठं हाये' म्हून वरडतीन."

"फक्त बाबाच नाई," मुलगी हळूच म्हणाली. "मारेगावात चिठ्ठ्या मांडल्या तईही गड्यायनं हेच सांगतलं."

खरं होतं. मी जन्मात काही शोधलं नाही. अंगणातल्या बाजेवरून हाक मारायची, आतून उत्तर यायचं: डाव्या हातच्या खुंटीले. उशीखाली पाहा. सदऱ्याच्या खिशात असन. ती जागेवरून न उठता सांगायची आणि वस्तू तिथंच असायची. मला त्यात कधी नवल वाटलं नाही.

माणसं गेल्यावर मुलगी म्हणाली, "वेबसाइट बरी की वाईट ते पाहाले आमी माणसाले एक काम देतो, अन् तोंड बंद ठेवून बसतो. आता तुमचं. आईच्या चुलीपाशी जाऊन चहा करा. काही विचारायचं नाई. जमला तर मी उद्या एकटी जातो. नाई जमला तर पिशवी भरायची."

"काहीच सांगशीन नाई?"

"एक शब्द नाई."

"मायसारखी हेकट हायेस."

"मायसारखी नाई. तुमच्यासारखी."

ती उंबऱ्यावर बसली, ओढणी तोंडाशी धरून. मी आत उभा राहिलो. डोळ्यांसमोरच्या फळीवर पितळेची मोठी भांडी, लग्नाकार्याची. त्याखाली डबे. मला वाचता येतं, म्हणून मी वाचू लागलो. बिस्किटाचं नाव होतं त्यात हळद. चहाचं नाव, त्यात बटणं आणि सुया. तिला अक्षर येत नव्हतं, तिच्या लेखी चांगल्या झाकणाचा तो चांगला डबा. मी एकेक उघडत गेलो, झाकत गेलो. घाम सुटला. मुलीची नागपूरची खोली डोळ्यांपुढं आली, जिच्या खिडकीतून फक्त दुसऱ्याची खिडकी दिसते.

गुडघे भरून आले तसा मी खाली टेकलो. टेकलो तो तिच्या पाटावर. गॅसची शेगडी आली तरी तिनं ती खालीच ठेवली होती, उभ्यानं तिनं कधी रांधलंच नाही. त्या पाटावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

आणि घर वेगळंच दिसू लागलं, जणू कोणी ते माझ्याकडं वळवून ठेवलं. उजवा हात सहज टेकला तिथं आगपेटी. डाव्या हाताला भगुणं. शेगडीमागच्या बुटक्या फळीवर दूधपावडरचा जुना डबा, त्याचं झाकण काढलं आणि वाजलं, टक. चहा. त्याच्या पाठीशी साखर. हात लांबवावा लागेना. समोर दार, दाराबाहेर अंगण, आणि दाराच्या बरोबर मधोमध माझी बाज. मी खिशात काय घातलं, खुंटीला काय टांगलं, उशीखाली काय सारलं, सगळं तिला इथून दिसत होतं.

शेगडी पेटवली, निळ्या जाळावर भगुणं ठेवलं. दूध नव्हतं, कोराच चहा उकळला आणि बसल्या जागेवरून कप मुलीकडं सरकवला.

"जमला का?" मी विचारलं.

"लय गोड झाला," मुलगी म्हणाली. नाक ओढलं. "पण जमला."

मग उठायला गेलो तर गुडघे उठू देईनात.

"हात दे पोरी."

"हे मदत मागनं झालं बाबा."

"हात मागतला. चहा कुठं मागतला?"

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही, एक दिवस राहिली. मला पाटावर बसवलं. मी उजवीकडचं, डावीकडचं एकेक सांगत गेलो आणि ती ते उचलून वरच्या फळीवर, उभ्या माणसाच्या हाताशी ठेवत गेली, आगपेटी उजवीकडं, भगुणं डावीकडं, चहामागं साखर. शेगडी ओट्यावर आली. पितळेची भांडी खाली गेली. डब्यांवर नावं लिहू का म्हणाली, मी नको म्हटलं. मग ती एकटी बसमध्ये बसली.

आता उभ्यानं चहा करतो. पाट तिथंच आहे, दाराकडं तोंड करून. त्यावर बसलं की उठता येत नाही, म्हणून बसत नाही. मुलगी म्हणते, ऊन येतं, बाज भिंतीकडं सरकवा. मी सरकवली नाही. पाटावरून दिसते तिथंच ठेवली आहे.