आसरांचा पिक्चर फसला ते बरं झालं

नातवानं मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि त्याच्या सासूला, आम्हा तीन म्हाताऱ्यांना दुपारच्या खेळाची तिकिटं काढून दिली, तेव्हा मला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली. पिक्चर साती आसरांवर, पाण्यात राहणाऱ्या सात बायांवर होता. शाहूपुरीत तो कामाला आहे त्या दुकानासमोर त्याचा मोठा फलक लागला होता. सासूला भुताखेताचं आवडतं, म्हणून त्यानं हौस केली. त्याचा दोष नव्हता. घरात त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

माझी धाकटी बहीण लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पडली. जिवंत निघाली, पण पुढं महिनाभर बोलली नाही. गावानं ठरवलं, पाण्यातल्या आसरांनी तिला धरलं. आईनं विहिरीच्या काठावर सात दगडांना शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवला. पोरगी बोलायला लागली, पण नाव लागलं ते लागलं. आसरा बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला बाधतात म्हणतात. अशी पोरगी कोण करून घेणार? तिचं लग्न झालं नाही. मी तिला कोल्हापूरला आणली आणि तो विषय दाराबाहेर ठेवला. माझी पोरं, नातवंडं सगळी तिनंच न्हाऊ घातली. पायावर पोर घेऊन तेल चोळायला बसली की तिला जगाची शुद्ध नसते.

आता पणतू झाला होता. नातसून बाळंतपण उरकून पेठ वडगावहून परत आली, तिच्याबरोबर तिची आईही आली. या विहीणबाईंच्या कानावर कुणीतरी जुनं घातलेलं असावं. आल्यापासून त्या अंघोळीच्या वेळी मोरीच्या दारात उभ्या राहायच्या. पिक्चरच्या आदल्या दिवशी तर त्यांनी पोर स्वतःच पायावर घेतलं. बहीण तेलाची वाटी धरून बाजूला उभी राहिली. दुपारी ती जेवली नाही.

पिक्चरला जाऊ नको, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, “मी न्हाय आले तर त्यास्नी वाटंल, हिचं खरंच कायतरी हाय.”

सुरुवात मात्र अस्सल होती. भर दुपार, विहीर, धुणं धुणारी एकटी बाई, आणि वारा नसताना पाण्यावर उठलेली एक रेघ. आवाज कसला तो नाही. आमची आई अगदी असंच सांगायची. विहीणबाई तोंडाला पदर लावून ताठ बसल्या. बहिणीकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

मग आसरा पाण्यातून वर आली आणि सगळं वाटोळं झालं. तोंडाला रबर, अंगावर पांढरी साडी, पाय उलटे. उलटे पाय हडळीचे असतात. आसरा सात असतात, इथं एकच, बाकीच्या कुठं गेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती झाडावरनं उड्या मारायची आणि दर उडीला ढोल असा बडवायचे की भ्यायच्या ऐवजी कान दुखायचे. शेवटी मांत्रिकानं लिंबू फेकलं आणि ती पेटली. पाण्यातली बाई, भिजलेल्या साडीसकट पेटली. अख्खं थेटर हसलं. विहीणबाई मध्यंतरानंतर झोपल्या होत्या, त्या या हसण्यानं जाग्या झाल्या.

बाहेर लोक शिव्या घालत होते. एवढी चांगली गोष्ट हातात होती, वाया घालवली, असं एक पोरगा म्हणाला. खरं होतं ते. सुरुवातीसारखा पुढं गेला असता तर पिक्चर कितीतरी दिवस डोक्यातून गेला नसता. पण मग माझ्या बहिणीला त्या मोरीत परत कुणी बसू दिलं नसतं. ज्यानं तो बिघडवला त्याचं भलं होवो.

रिक्षात विहीणबाईंनी बहिणीला सरळ विचारलं, “मावशी, तुमास्नीबी अशीच धरली हुती व्हय?”

“कुणी धरतंय? शेवाळावरनं पाय घसरला.”

“मग म्हैनाभर गप का बसलासा?”

“विहिरीकडं जायची बंदी हुती की. तोंड उघडलं असतं तर आईनं सोलली असती.”

विहीणबाई इतक्या हसल्या की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मीही हसले. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी मोरीत पाट मांडला, बहिणीला हाक मारून बसवलं आणि पोर तिच्या पायावर दिलं. पाणी जरा कडक आहे, गार पाण्याचं इसावण घालून घ्या, एवढं सांगून त्या चहा टाकायला आत गेल्या. दारात थांबल्या नाहीत.