खदानीतली जवारी

मोठी माय जाऊन आज वर्ष झालं, अन् आमच्या पानाला कावळा शिवलाच नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, थोरल्या काकांची बायको. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात सगळे तिला वचकून असायचे. मी तर अजूनही आहे.

आमच्या वावरात जुनी खदान होती. इंग्रजांच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, तो न्यायला रेल्वे आली, अन् रेल्वेच्या भरावासाठी आमच्या पूर्वजांनी वावरातला मुरूम विकला.

लोकांनी त्या तेजीत गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली म्हणतात.
आमच्या वाट्याला खड्डा आला.

पिढ्यान् पिढ्या तिथे मेलेली ढोरं टाकायचे.

मोठी मायनं तो खड्डा भरायचं मनावर घेतलं. दर उन्हाळ्यात तलावाचा गाळ, ट्रॉलीमागून ट्रॉली. एका कोपऱ्यात पाणी राहू दिलं. काठच्या बोरी-बाभळींना कोणाला हात लावू दिला नाही. टिटव्या आल्या, मुंगूस आलं.

शेवटी पेरण्याइतकी माती झाली. तिचा मुलगा, आमचा राजूदादा, लगेच तयार. "पुढच्या साली कपाशी टाकू."

"कापसापायीच वावराचं पोट फाटलं नं. पयलं पीक जवारीचं घे. पाखरायले खाऊ दे."

"पाखरायले? डोकं फिरलं काय वं माय तुयं?"

"त्यायचं घर आपणच खोदलं, राजा."

पेरणी पाहायला ती राहिली नाही.

जूनमध्ये दादानं कपाशीचं बियाणं आणलं. बराच वेळ वावराच्या काठच्या धुऱ्यावर बसला. मग गाडी काढली अन् जवारी घेऊन आला.
"हसू नोको," मला म्हणे. "एकच साल."

आज पान वाढलं. वडे, खीर, कढी, तिचा आवडता ठेचा. सगळे हात जोडून उभे. कावळ्याचा पत्ता नाही. वहिनी रडायला लागली, सासूबाईंचं काही राहून गेलं म्हणून.

दादानं पान उचललं अन् खदानीकडे निघाला. आम्ही मागे.

कणसं दुधात आलेली. त्यावर पोपट, चिमण्या अन् गावातले झाडून सगळे कावळे.

दादानं सवयीनं ढेकूळ उचललं. मग हळूच खाली ठेवलं.

"माय इथंच जेवून राहिली," म्हणे. "घरी कायले येईन?"

अन् मग तो जो रडला. वर्षभर रडला नव्हता.

फोटो टाकतोय. दादा त्यात दिसत नाही, जवारी उंच आहे.

मोठी माय, पोटभर जेव. पुढच्या सालीही जवारीच पेरतो म्हणते तुया पोरगा.