माती वाचणारा कोंडिबा

कोंडिबा तोंडात पाण्याची गुळणी धरून मातीवर फवारा मारायचा आणि उकिडवा बसून तिच्याकडे टक लावून बघायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, गडी कामचुकार दिसतोय. मी पुण्याहून नुकताच खोदाईचे नकाशे काढायला आलेलो. जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा समज. "अरे, खण की! बघत काय बसलास?" माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसावर मी खेकसलो.

तो रागावला नाही. "भाऊसाहेब, माती वली झाली की रंग बोलतो. कोरडी मुकी असती. हितं या, बघा." गेलो. तांबड्या मातीत काळपट, लांबट डाग उठला होता. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी पुरलेली ती जागा होती. मी मुकाट्यानं पेन्सिल काढली.

लोणावळ्याजवळच्या त्या खोऱ्यात धरण होत होतं. बुडणाऱ्या जमिनीत एक शिळावर्तुळ होतं, म्हणजे कमरेइतके धोंडे गोल मांडून आत मृताला पुरलेलं. गावकरी त्याला राक्षसाचं खळं म्हणत. पाणी चढायच्या आत ते खणून नोंदवायचं, हे आमच्या साहेबांचं काम. कोंडिबा त्याच गावचा. साहेबांबरोबर देशावर खोदाईला जाऊन तयार झालेला. कुदळ फक्त वरच्या थराला. खाली गेलं की थापी, आणि नाजूक जागी बांबूची कामटी. "लोखंडाला दया न्हाई," म्हणायचा.

देशावर त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले सापडले होते, तेही राहत्या घराच्या जमिनीखाली. आत तान्हं मूल. घरातच का पुरत असतील, यावर साहेबांनी मला तासभर ऐकवलं. कोंडिबाला विचारलं तर म्हणाला, "आईला सोडवंना, दुसरं काय?" मावळात मात्र पाऊस आणि तांबडी माती मिळून हाडं खाऊन टाकतात. "हाड गेलं तरी माणूस पुरता जात न्हाई. डाग ऱ्हातो," कोंडिबा म्हणायचा.

गावाला उठायचा हुकूम झाला आणि बायका त्याच्याकडे आल्या. तापाच्या साथीत गेलेली तान्ही पोरं ओढ्याकाठी पुरलेली होती. एवढ्या लहानांना आपल्यात जाळत नाहीत. "लेकरं पाण्यात ठिवून जायची का रं, कोंडिबा?" कोंडिबा आमचं काम आटपून रोज तिकडे उतरू लागला.

पहिली गंगूबाईची पाळी. तासभर झाला, हाताला काही लागेना. "घावला का माझा बाळू?" ती काठावरून सारखी विचारी. मला ते ऐकवेना. साहेबांच्या नमुन्यांच्या पेटीत देशावरच्या त्या रांजणातलं एक बारीकसं हाड होतं. ते आणून मी हळूच कोंडिबाच्या हातात सरकवलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की आजही अंगावर काटा येतो. "ठिवा माघारी! कुणाच्या लेकराचं हाय, आन कुणाच्या वटीत घालता?"

तिथं त्यानं गुळणी मारली नाही. ओले हात मातीवरून फिरवत राहिला. हातभर लांबीचा डाग उमटला. कामटीनं तेवढीच माती उचलून त्यानं मडक्यात भरली. "एवढाच ऱ्हायलाय, गंगूबाई. पर त्योच हाय. मी लबाड बोलत न्हाई." ती मडकं छातीशी धरून रडली. मीही रडलो, लपवू कशाला?

कोंडिबाची स्वतःची मुलगी त्याच ओढ्याकाठी, सगळ्यांत खाली पुरलेली होती. "तिचं कधी?" मी विचारलं. "आधी त्यांचं. मी काय, घरचाच." पाणी ठरल्यापेक्षा आधी चढलं. एका सकाळी जाऊन पाहतो तर खालचा काठ दिसेना. कोंडिबा घोटाभर पाण्यात उभा होता, हातात कामटी. त्याच आठवड्यात मी पुण्याला परतलो. त्याला काही विचारायचा धीर झाला नाही.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी कोंडिबाचा निरोप आला म्हणून कान्ह्याला गेलो. गाव उठल्यावर तिथंच त्यांनी नवं घर बांधलं होतं. क्षयानं कोंडिबाचं पार चिपाड झालं होतं. बायको, सगुणा, पाण्याला गेलेली पाहून तो म्हणाला, "तिला मी पोरीचं म्हणून मडकं दिलं, भाऊसाहेब. ती वाट बघत बसली हुती. राक्षसाच्या खळ्यातली काळी माती भरली. कुणाची कुणाला! आन तुमाला त्या दिशी लय बोललो." मी म्हटलं, "तुम्ही बरोबरच बोललात, कोंडिबा." त्यानं मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याचं उरकून निघालो तेव्हा सगुणानं मला आत बोलावलं. जात्याजवळची जमीन दाखवली. मडकं तिनं तिथं पुरलं होतं, घरातच.

"भाऊसाहेब, तुमी हुता न्हवं तितं? ह्यांनी काडली तवा माती काळी निगाली हुती का? खरं सांगा."

"काळीच होती, वहिनी. मी पाहिली."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि शेणाचा गोळा घेऊन तेवढी जागा सारवायला बसली.